शिक्क्याची छत्री

हाम्बुर्गच्या गिऱ्हाईकाकडून आलेल्या त्या पत्राला यान श्वेइमूने उत्तर दिलं नव्हतं. सबंध उन्हाळा ते नमुन्यांच्या खोलीतल्या खणात, कापडाच्या तुकड्यांखाली पडून होतं.

पत्र साधंच होतं. चाचणीच्या छत्र्या मिळाल्या. तुमच्या नमुन्यापेक्षा त्यांची शिवण सरस आहे, वाऱ्यात छत्री उलटत नाही. हे कोणी केलं? त्याच हातून नवा नमुना करून पाठवा, आम्ही सही-शिक्का करतो.

कोणी केलं ते यानला ठाऊक होतं. शिलाई विभागाच्या को बीलानने काठ दुहेरी मुडपला होता. एवढं साधं आपल्याला कसं सुचलं नाही? च्यांगह्वा शहरातल्या या छत्र्यांच्या कारखान्यात इतकी वर्षं नमुने यानच करत आला. त्याच्याच छत्रीला परदेशी गिऱ्हाईक मंजुरीचा शिशाचा शिक्का मारी, तीच मालकाच्या काचेच्या कपाटात लटके आणि सगळा माल तिच्याशीच ताडून पाहिला जाई. आणि आता ही बीलान. जेवणाच्या सुट्टीत पोरी तिच्याभोवती गोळा होत, मालकीणबाई आपल्या डब्यातलं मुरवलेलं अंडं तिच्या भातावर ठेवी. यान कोपऱ्यात पुस्तक उघडून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाची.

"मास्तरांची छत्री कपाटात शोभते," बीलान एकदा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "आमच्या छत्रीच्या नशिबी पाऊस." सगळे हसले. यानही हसला, पण ते शब्द आत सलत राहिले.

मग पूर्ण माल तयार झाला आणि गिऱ्हाईकाचा तपासनीस आला. त्याने कपाटातली शिक्क्याची छत्री नव्या मालाशेजारी धरली. काठ जुळत नाही, सगळं उसवा, म्हणाला. मालकाने बीलानला फैलावर घेतलं, उद्यापासून साध्या मशीनवर बसायला सांगितलं. यानला त्या दिवशी चहा फार गोड लागला.

संध्याकाळी तो बाहेर आला, तर ती उसवत बसली होती.

"हसा की मास्तर," ती मान वर न करता म्हणाली. "तुमचीच छत्री बरोबर ठरली."

"वाऱ्यात उलटते ती."

"माहीत आहे. तुमचं नाव खराब होईल म्हणून बोलले नाही."

म्हणजे चांगुलपणातही ही पुढेच. यानने खणातलं पत्र काढून मालकापुढे ठेवलं. मालकाने तारीख पाहिली, यानकडे पाहिलं आणि उसवणं थांबवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बीलानने नवा नमुना शिवला. यानने उत्तर लिहिलं : काठ को बीलान यांचा. जरा थांबून त्याने खाली जोडलं : कापड मात्र मी बेतलं आहे. ती ओळ खोडावीशी वाटली. खोडली नाही. छत्रीबरोबर पत्र बांधून त्याने पुडकं पोस्टाच्या खिडकीतून आत सरकवलं.