डब्याखालचं कात्रण

आगगाडीतला चहावाला कागदी कपात चहा ओतू लागला तसं तिनं त्याला हातानंच थांबवलं आणि पिशवीत कोपरापर्यंत हात घालून स्टीलचे चार पेले काढले.

"यात द्या."

"पुढच्या वेळी इंजिनसुद्धा घरूनच आणेल ही," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पेले झाले, ताटल्या झाल्या, पोरीचे लंगोट धुऊन वाळवायचे झाले. सुट्टी आहे की शिक्षा?"

नवरा हसला. नाना, म्हणजे तिचे सासरे, हसले नाहीत. त्यांनी पेला दोन्ही हातांत घेतला आणि तोंडाला लावण्याआधी काठावरून हळूच बोट फिरवलं.

तिनं ते पाहिलं, आणि मांडीवरच्या चिमीच्या गालाला लागलेला बिस्किटाचा चुरा उगाचच दुसऱ्यांदा पुसला.

दरवर्षी सुट्टीला नानाच गाडी काढत. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस. "एका पोराच्या दप्तरालाही कधी ओरखडा नाही," हे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ऐकलेलं. स्वतःच्या मुलाच्या हातातही ते किल्ली देत नसत. आणि ते दरवर्षी जात त्या तळ्याकाठच्या विश्रामगृहाचा रस्ता डोंगराला वळसे घालत चढणारा. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही.

तीन महिन्यांपूर्वी कपडे वाळत घालताना तिला नाना अंगणात दिसले होते. उकिडवे बसून, गाडीच्या डाव्या दाराला लागलेला फाटकाचा हिरवा रंग रॉकेलच्या बोळ्यानं पुसत होते. रंग निघून गेल्यावरही पुसतच राहिले. जिथं रंग नव्हता तिथंही. तिनं ओला टॉवेल पुन्हा पिळला आणि आवाज न करता आत आली.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "नानांना गाडी चालवू नका म्हणायचं? तू सांग. मी तेवढ्यात बाहेर जाऊन येतो."

तीही सांगू शकली नाही. सुट्टी जवळ येत चालली, तशी चिमीला छातीशी धरून त्या रस्त्याची वळणं मनातल्या मनात मोजायची तिला सवयच लागली.

मग एका सकाळी चहाच्या डब्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा मिळाला. फडताळात घालायला सासूबाईंनी कापला असावा. कात्री इतकी वाकडी गेली होती की शेवटच्या ओळी अर्ध्याच उरल्या होत्या. मथळा मात्र शाबूत होता: सुट्टीला जा, धूर न सोडता. आगगाडीनं जा, बसनं जा, पायी फिरा, आपली भांडी आपण न्या. ती ओट्याशी उभ्याउभ्या वाचत राहिली आणि मागं चहा उतू गेला.

जेवताना तिनं जाहीर करून टाकलं. यंदा गाडी नाही. चिमी मोठी होईपर्यंत हवा शिल्लक राहायला हवी. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. नाना खाली मान घालून जेवले आणि उठले. ते दुखावले, असं तिनं धरूनच टाकलं. पण घेतलेलं सोंग अर्धवट वठवून भागणार नव्हतं. म्हणून पेले, म्हणून लंगोट. तिचं तिलाच हसू येई. आणि खरं तर पिशव्या भरता भरता तिला ते सोंग वाटेनासंही झालं होतं.

आगगाडी संपली, डोंगराची बस लागली. नाना चालकाच्या मागच्या बाकावर बसले. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जाई. अर्ध्या चढानंतर तो पाय थांबला. मग त्यांनी डोकं मागं टेकलं आणि चक्क घोरले.

"एकतीस वर्षं बस चालवली यांनी, पण बसमध्ये झोपलेले पहिल्यांदा बघतेय," सासूबाई म्हणाल्या.

थांब्यावर एक भाड्याची गाडी उभी होती. चालकानं विचारण्याआधीच नाना म्हणाले, "नको रे बाबा. आम्ही धूर सोडत नाही."

नवरा आणि सासूबाई सामान घेऊन पुढं गेले. ती झोपलेल्या चिमीला खांद्यावर घेऊन नानांच्या पावलानं चालू लागली. तळ्याचं पाणी झाडांमधून चमकत होतं.

"नाना, गाडी काढू दिली नाही म्हणून राग आला का तुम्हाला?"

नानांचा हात हवेत थोडा चाचपडला आणि तिच्या कोपरावर येऊन थांबला.

"आठवडाभर जागा बदलत होतो मी त्या कागदाची," ते म्हणाले. "आधी भाजीच्या टोपलीत ठेवला. मग चिमीच्या बाटल्यांपाशी. शेवटी म्हटलं, चहाचा डबा तरी उचलशील. सूनबाईचेच डोळे तपासून आणावेत की काय, असं वाटायला लागलं होतं."

ती थबकली. ती वाकडी गेलेली कात्री आठवली.

"माझ्या तोंडून निघेना गं. म्हटलं, तुझ्या तोंडून तरी निघावं."

तिला हसू फुटलं, आणि चिमी जागी होऊ नये म्हणून ते तिनं पोरीच्या केसांत दाबलं. बराच वेळ तिला नाक वर काढता आलं नाही.

"परत गेल्यावर डॉक्टरकडे जाऊ या," शेवटी ती म्हणाली.

"जाऊ. पण बसनं."

विश्रामगृहाचं दार आलं.

"पायरी आहे, नाना."

"दिसली," नाना म्हणाले, आणि तिच्या कोपरावरची पकड घट्ट केली.