आंबेगावचं लुगडं

"माहेरचं लुगडं आल्याबिगर उचलायचं न्हाई," गोजरबाईनं ओट्यावर बसकण मारत सांगून टाकलं. "धाडलाय ना निरोप?"

बयाबाई पहाटे गेली होती. ऐंशी पार केलेली, एक दिवस अंथरुणाला खिळली नाही, त्यामुळे मरणाचं सोनं झालं असं बायका म्हणत होत्या. गोजरबाई तिची थोरली जाऊ. बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं, आणि ते माहेरच्याच माणसानं आणावं, हा रिवाज तिनं भावकीत आजवर कुणाला मोडू दिला नव्हता. इथं तर काळजीचं कारणच नव्हतं. बयाबाईच्या भावाच्या लुगड्यांचं कौतुक साऱ्या आळीला पाठ होतं.

ते कौतुक शीलानं बावीस वर्षं सोसलं होतं. शीला तिची एकुलती सून. सासूला आत्याबाई म्हणायची. दर भाऊबीजेला आत्याबाई सकाळच्या एसटीनं भावाकडे जायची, दिवस मावळताना परत यायची आणि सुनेसमोर पिशवी उघडायची. बघ कसं पोत आहे, तुझ्या भावानं काय दिलं यंदा, असं वर विचारायची. शीलाचा भाऊ आळेफाट्याला गॅरेजात कामाला. त्यानं दिलेलं दोन धुण्यांत विटायचं. एका वर्षी शीला चुलीपुढं बसून रडली होती. आत्याबाईनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याचा राग शीलाच्या मनातून कधी गेला नाही.

भाऊ मात्र या घरी कधीच आला नाही आणि त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. धरण भरायला लागलं, बयाबाईचं माहेर आंबेगाव पाण्याखाली जाणार होतं. भावाला खाली शिरूरकडे बदली जमीन मिळायची होती आणि वडिलार्जित जमिनीच्या कागदावर बहिणीचा अंगठा हवा होता. बयाबाईच्या नवऱ्यानं तो उठवू दिला नाही. बायको माझी आहे, मी सांगेन तिथंच तिचा अंगठा उठेल, असं तो चारचौघांत बोलला. गाव बुडालं आणि त्याच साली माहेरही तुटलं. बयाबाईला काय वाटतं हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

नवरा वारल्यावर ती आपली आपण भावाकडे गेली आणि येताना लुगडं घेऊन आली. भावानं सगळं पोटात घातलंय, पण या उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणतो, असं तिनं घरी सांगितलं. तिच्या मुलानं, कुंडलिकनं, पुढं काही विचारलं नाही. असल्या गोष्टी विचाराव्यात असं पुरुषांना वाटतच नाही.

नऊच्या सुमारास कुंडलिकनं शीलाला परसात बोलावलं. त्याचं तोंड उतरलं होतं. इकडून तिकडून नंबर मिळवून त्यानं मामेभावाला, सुदर्शनला, फोन लावला होता. मामा अकरा वर्षांपूर्वीच वारला होता. बयाबाई त्यांच्या दारात एकदाच आली होती, पंचवीस वर्षांपूर्वी. त्यानंतर येणंजाणं नव्हतं, असं सुदर्शन म्हणाला. तो वाकडं बोलला नाही. पण लुगडं घेऊन कुणी येणार नव्हतं.

"मंग आई जायची कुठं?" कुंडलिक म्हणाला.

शीला आतल्या खोलीत गेली आणि तिनं सासूची ट्रंक उघडली. एकेक लुगडं आपापल्या पिशवीत नीट ठेवलेलं होतं. साऱ्या पिशव्या एकाच दुकानाच्या, घोडेगावच्या राजमहंमदच्या. खाली फोन नंबर छापलेला. बाहेर बायकांची कुजबुज वाढली होती. माहेरचं अजून कसं आलं नाही, असं कुणीतरी विचारत होतं. गोष्ट फुटली असती तर मेलेल्या बाईचं हसं झालं असतं. आत्याबाईचा तोरा कधीतरी उतरावा म्हणून शीला बावीस वर्षं थांबली होती, आणि आज तो उतरायला आला तर तिला ते नको झालं होतं. तिनं नंबर फिरवला.

म्हाताऱ्या राजमहंमदनंच फोन घेतला. आत्याबाई पहाटे गेल्या आणि भावाकडचं कुणी येणार नाही, असं शीलानं त्याला सांगितलं.

"पहिल्यांदा आली तवा भावानं दारातनंच परत लावली व्हती," तो म्हणाला. "पाणी सुदिक इचारलं न्हाई. माझ्या दुकानात बसून लई रडली. म्हणली, घरी जावा हायेत, रिकाम्या हातानं कशी जाऊ? तवापासनं दर साली यायची. लुगडं घ्यायची अन् सांजच्या गाडीपतुर ष्टँडवर बसून ऱ्हायची."

"मामा वारल्यालं ठावं व्हतं त्यांना?"

"मीच सांगितलं व्हतं. बाजारचा दिस व्हता."

शीलाला ती दुपार आठवली. आत्याबाई बाजारातून आली, भर दुपारी डोक्यावरून गार पाणी घेतलं आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून निजली. डोकं दुखतंय म्हणाली, आणि शीलानं बाम चोळून दिला. सख्ख्या भावाचं सुतक तिनं असं एकटीनं धरलं होतं, आणि पुढच्या भाऊबीजेला पुन्हा पिशवी उघडली होती. ती ट्रंकेला टेकून खाली बसली.

"शेवटचं बी काढून ठिवलंय तिनं माझ्यापाशी," राजमहंमद म्हणाला. "मी घिऊन येतो."

तासाभरानं तो जीपमधून उतरला. धुतलेली टोपी, पांढरी दाढी, पिशवी छातीशी धरलेली. तो अंगणातच थांबला.

"पावणं कुठलं?" गोजरबाईनं विचारलं.

"आंबेगावचा. बुडालं त्या," तो म्हणाला. "आमचं घर तिच्या बापाच्या घरासमूर व्हतं. परकरात व्हती तवापासनं मला भाऊ म्हणायची."

गोजरबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या शीलाकडे पाहिलं. काय कळायचं ते तिला कळलं असावं. ती काही दूधखुळी नव्हती.

"सरका गं," ती बायकांना म्हणाली. "माहेरचं माणूस आलंय."

राजमहंमदनं घडी उलगडली. लुगडं जांभळं, बारीक काठाचं, अगदी साधं होतं. असलं लुगडं बयाबाईनं मिरवायला कधी आणलं नव्हतं. बेताच्या कमाईचा भाऊ बहिणीला देतो तसलं ते होतं, शीलाचा भाऊ द्यायचा तसलं. राजमहंमदनं ते तिच्या अंगावर पसरलं, शीलानं पायाकडचा काठ सारखा केला आणि सासूच्या कानाशी वाकली.

"आत्याबाई, भाऊ आला बघा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग तिनं राजमहंमदच्या हातातली रिकामी पिशवी घेतली. छापलेलं नाव आत जाईल अशी तिची घडी घातली आणि कमरेला खोचली.