दोन सुरांचा भोंगा

निवृत्त झालेला माणूस भजनी मंडळात शिरतो, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतो. पुलगावच्या अण्णाजींनी यातलं काहीच केलं नाही. वीज खात्यात लाइनमन म्हणून पस्तीस वर्षं खांबांवर चढउतार केल्यावर ते जुने भोंगे शोधायला लागले. गिरण्यांचे, आगीचे, लढाईच्या काळातले, कुठल्यातरी छपरावर गंजत पडलेले, मोटरवर फिरणारे लोखंडी भोंगे. सोबतीला प्रेमदास, आयटीआयमधून निवृत्त झालेले शिक्षक, आणि त्यांची स्कूटर. "दोघायचं डोकं एकाच दिवशी फिरलं," असं अण्णाजींच्या पत्नी जयवंताबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि डबा मात्र दोघांचाही भरून देत.

काम सोपं नव्हतं. गावात शिरून "इथं जुना भोंगा होता का?" विचारलं की लोक हमखास डीजेवाल्याकडे पाठवत. सहा वर्षांत अकरा भोंगे सापडले, त्यातले चार वाजले. त्यांचे नियमही ठरलेले होते. भोंगा घरी आणायचा नाही. आहे त्या जागी दुरुस्त करायचा, गावात दवंडी द्यायची आणि एकदा पूर्ण वाजवायचा. दवंडीला पर्याय नव्हता. पुलगावात दारूगोळ्याच्या डेपोशेजारी जन्म काढलेल्या माणसाला न सांगता वाजवलेल्या भोंग्याचा अर्थ चांगला ठाऊक असतो. अर्धं गाव पायात चप्पल न घालता पळत सुटेल.

पण अण्णाजींना हवा होता तो भोंगा वेगळाच. एकाहत्तरच्या लढाईत ते नऊ वर्षांचे होते. तेव्हा गावात एक दोन तोंडांचा भोंगा वाजायचा. प्रत्येक तोंडाचा सूर वेगळा, एक जाड आणि एक बारीक, आणि दोन्ही एकदम. बाकीची पोरं खाटेखाली शिरत. हा दिवटा अंगणात उभा राहून ऐकायचा आणि आईचा धपाटा खायचा. लढाई संपली, भोंगा कुठे गेला कुणास ठाऊक. तसा आवाज पुन्हा कानावर पडला नाही.

आणि आता घाई होती. उजवा कान कधीच गेला होता. दिवाळीनंतर सावंगीच्या दवाखान्यात तपासणी केली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डावाही उतरणीला लागल्याचं सांगितलं. "बारीक आवाज आधी जातील," त्या म्हणाल्या. अण्णाजींनी हे फक्त प्रेमदासांना सांगितलं. घरी कळलं असतं तर भटकणं त्याच दिवशी बंद झालं असतं.

फेब्रुवारीत प्रेमदासांना खबर लागली. गिरडच्या अलीकडे कापसातून सरकी काढणारी एक जिनिंग बंद पडलेली होती. कापसाला आग लागली तर वाजवायला म्हणून तिच्या मालकाने कधीकाळी लिलावातून एक भोंगा आणला होता. दोघे पोचले, शिडी लावली, वर गेले. पारव्यांच्या घरट्यांमध्ये दोन तोंडांचा भोंगा बसलेला होता. अण्णाजींनी त्याच्या पत्र्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मालक नागपूरला. फोनवर म्हणाला, वाजवा नाहीतर त्याची पूजा करा, फक्त माझं छप्पर पाडू नका. चावी धुरपताबाईंकडे होती. याच जिनिंगमध्ये त्यांनी तीस वर्षं कापूस ओढला होता. चार दिवस दोघे म्हातारे राबले. घरटी अलगद बाजूला ठेवली, बेअरिंगला ग्रीस भरलं, प्रेमदासांनी मोटर उघडून उन्हात वाळवली. उंदरांनी खाल्लेल्या वायरी अण्णाजींनी बदलल्या. लाल, पिवळी, निळी, खात्यात शिकवलं होतं तशी ओळीने. पस्तीस वर्षांची सवय, हात आपोआप चालत होते.

शनिवारी सकाळी दवंडी झाली. मोटरला लागणारी थ्री-फेज लाइन अकराला जाणार होती, ती थेट रात्री येणार. पावणेअकराला अण्णाजींनी खाली उभं राहून खटका दाबला. मोटर घरघरली, वेग धरला, आणि भोंगा शेजारच्या गोठ्यातली म्हैस हंबरावी तसा हंबरला.

अण्णाजींनी डावा कान वर केला. जाड सूर येत होता, तोही दमलेला. बारीक सुराची ते वाट बघत राहिले. तो आलाच नाही. हाही कान गेला, त्यांना वाटलं, चार महिन्यांचा उशीर झाला. डोळे भरून आले. पण गुडघा दुखत असताना सहा वर्षं आपल्यासाठी स्कूटर हाकणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? त्यांनी खटका बंद केला आणि हसून म्हटलं, "झकास!"

"एक नंबर!" प्रेमदास म्हणाले.

"कायचा एक नंबर?" धुरपताबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "हा भोंगा हाय का पिठाची चक्की?"

"बाई, जुनी मशीन हाय," प्रेमदास समजुतीने म्हणाले.

"जुनी तं मीबी हावो. कापसाच्या गंजीले आग लागलती तवा हा गिरडच्या टेकडीवर आयकू गेलता. अन् तुमी त्याले उलटा फिरवून राह्यले भाऊ. थांबता थांबता पाह्यलं ना मी. आमच्या वक्ताले चाक पान्याच्या टाकीकडे फिरे. आता सडकेकडे फिरून राह्यलं."

अण्णाजींनी वर पाहिलं. मग कपाळावर हात मारला. थ्री-फेज मोटरच्या दोन वायरींची जागा बदलली की चाक उलटं फिरतं, आणि उलट्या चाकाला हवेचा जोर येत नाही. जुन्या वायरमनने दोन वायरी आपल्या हिशेबाने अदलाबदल करून जोडल्या असणार, आणि यांनी त्या शिस्तीत सरळ करून टाकल्या होत्या. हाताखालच्या पोराने असं केलं असतं तर त्यांनी त्याला खांबावरच उभा ठेवला असता.

"प्रेमदासा, खरं सांग. तुले बारीक सूर आयकू आला?"

"नाई बा. मले वाटलं तुले आला."

"मले वाटलं माहा कान गेला!"

"मंग झकास काऊन म्हनला बे?"

"तू एक नंबर काऊन म्हनला?"

"तुह्या डोयात पानी होतं. मले वाटलं खुश हायेस."

दोघे एकमेकांकडे बघून हसत सुटले. या वयात दोन शहाणीसुरती माणसं एकमेकांना खूश ठेवायला इतकं धडधडीत खोटं बोलतात, आणि सत्य सांगायला तिसरं माणूस लागतं. "हासता काय? लाइन जाईन ना!" धुरपताबाई ओरडल्या, तेव्हा कुठे अण्णाजी शिडीकडे धावले.

अकराला आठ मिनिटं होती. प्रेमदासांनी मेन स्विच पाडला आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. अण्णाजींनी वर जाऊन आधी टेस्टर लावला, घाई असली तरी लाइनमनचा हा नेम चुकत नाही. मग लाल आणि पिवळी वायर सोडली, एकमेकींच्या जागी घातली, आवळली. खाली उतरले तेव्हा तीन मिनिटं उरली होती.

"दाब," मेन स्विच पुन्हा चढवत प्रेमदास म्हणाले.

या वेळी चाक टाकीकडे फिरलं. आधी जाड सूर उठला, जमिनीतून तळपायात शिरला आणि पोटात घुमायला लागला. अण्णाजी श्वास रोखून उभे. वेग वाढला, पत्रे थरथरले, पारवे एकदम उडाले, आणि त्या जाड सुराच्या खांद्यावर चढून दुसरा सूर वर निघाला. बारीक, धारदार, स्वच्छ. दोन्ही एकदम. धुरपताबाईंचा पदर वाऱ्याने उडाला. फाटकाजवळ जमलेल्या लोकांनी कानांवर हात दाबले, वावरातल्या बाया उभ्या राहिल्या, कुत्री गळा काढून रडायला लागली. अण्णाजीही रडत होते, उघडपणे, नाक न पुसता. इतका आनंद त्यांना नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

बरोबर अकराला लाइन गेली. भोंगा लगेच थांबला नाही. दोन्ही सूर एकमेकांचा हात न सोडता हळूहळू खाली येत गेले आणि विरले. प्रेमदासांनी मित्राच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आता खरं सांगजो. काय आयकू आलं?"

अण्णाजींनी हात वर करून दोन बोटं दाखवली.