पाहुण्यांच्या कोपऱ्यातली पेटी

मित्रांनो, माझ्या कोपऱ्यांत बिस्किटांचा आणि मलमाचा वास अजून एकत्र नांदतो. मी पत्र्याची एक जुनी पेटी आहे. झाकणावर एके काळी गुलाब होते, आता एक पाकळी आणि बराचसा गंज उरला आहे. बंद झाकणाआड राहिल्यामुळे मी जग पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त.

उत्तर इंग्लंडमधल्या एका कारखान्यात मला ठोकून आकार दिला आणि बिस्किटं भरून दुकानात पाठवलं. तिथून मी विल्फ आणि एनिडच्या लग्नात आहेर म्हणून आले. एनिडला माझ्यात बटणं ठेवायची होती. विल्फने मात्र मला उचललं आणि मैदानावर नेलं.

विल्फ आठवडाभर गिरणीत लोकर रंगवायचा आणि शनिवारी कॉपरशॉ रोव्हर्स या गावच्या फुटबॉल संघाच्या सामन्याला यायचा. तो खेळाडू नव्हता. खेळाडू पडला की मला काखेत मारून धावत जायचं, हे त्याचं काम. माझ्यात ओला स्पंज, मलम, पट्ट्या आणि बुटांच्या जादा नाड्या असत.

"विल्फ, एखादं बिस्किट उरलं असेल तर गोलकीपरला दे रे," लोक ओरडत. "उभ्या उभ्या झोपलाय तो."

शेजारच्या डेनफुट गावाशी सामना असला की मैदान तापायचं. डेनफुटचा माणूस पडला तरी विल्फ धावायचा. मागून शिव्या यायच्या, "पडू दे की त्याला, तुझा कोण लागतो?" विल्फ मान वर न करता स्पंज पिळायचा. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग गिरणी बंद पडली आणि तिच्यामागून संघही. अर्ध्या मैदानावर घरं उठली. उरली ती एक लांब दगडी भिंत आणि प्रेक्षक उभे राहत त्या, आता गवतात बुडालेल्या पायऱ्या. मी माळ्यावर गेले, नाताळच्या दिव्यांच्या माळांशेजारी. वर्षानुवर्षं कुणी झाकण उघडलं नाही. खाली विल्फचा खोकला ऐकू यायचा. एके दिवशी तोही थांबला.

शेजारच्या बेरिलने एनिडला बाहेर काढलं. "अगं, घरात बसून गंजशील," ती म्हणाली आणि तिने एनिडला जिओकॅशिंगचा खेळ शिकवला. एकाने पेटी लपवायची, जागेचे आकडे इंटरनेटवर द्यायचे आणि इतरांनी फोनवरचा नकाशा बघत ती शोधायची. सापडली की आतल्या वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घ्यायची, एखादी ठेवायची, आणि पेटी होती तिथेच परत ठेवायची.

एनिडने आमच्या खोऱ्यातल्या बंद पडलेल्या फुटबॉल संघांचाच शोध मांडला. प्रत्येक मैदानावर एक पेटी. त्या संघाच्या इतिहासातला प्रश्न सुटला की पुढच्या मैदानाचे आकडे मिळत. शेवटचा मुक्काम माझा. भिंतीतला एक सुटा दगड काढून तिने मला माळ्यावरून आणून आत ठेवलं, जिथे कॉपरशॉचे लोक उभे राहत, तिथेच. दूरदूरची माणसं येऊ लागली. कुणी आपल्या संघाचा बिल्ला ठेवी, कुणी दुसरा घेऊन जाई. मित्रांनो, म्हातारपणी मला पुन्हा काम मिळालं होतं.

मग क्लिफर्ड नावाचा माणूस बायकोबरोबर आला.

"ठेव आता जिथली तिथे," त्याची बायको नोरा म्हणाली.

"डेनफुटचा बिल्ला आत टाकून पेटी कॉपरशॉच्या बाजूला ठेवू? बाबा वरून बूट फेकून मारतील."

"नियम आहे, क्लिफर्ड."

"फार लांब नाही नेत. आणि ही जागा पोरालाही सापडेल. मी हिला चांगल्या ठिकाणी ठेवतो."

त्याने सुटा दगड नीट बसवला. मग मला घेऊन तो मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथल्या पायरीखाली मला सरकवलं. खूश होऊन शीळ घालत तो निघून गेला.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लोक यायचे, पलीकडे दगड हलवायचे. वारा त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत आणायचा.

"फोन तर इथेच दाखवतोय."

"मग फोनलाच काढायला सांग."

मला हाक मारता येत नव्हती. पाऊल जवळ यायचं आणि परत वळायचं. ओल झाकणाखाली शिरू लागली. पुढचं मला नंतर बेरिलच्या बोलण्यातून कळलं: 'पेटी नाही' असे निरोप साचले, तेव्हा खेळावर देखरेख ठेवणाऱ्याने एनिडला कळवलं की या महिन्यात पेटी जागेवर दिसली नाही, तर हा शोध नकाशावरून काढावा लागेल. शोध गेला, तर त्या संघांची नावं विचारत या खोऱ्यात कोण चढून येणार?

शेवटी एनिड स्वतः आली. काठीचा आवाज मी ओळखला. बेरिल बरोबर होती. पलीकडे दगड निघाला.

"चोरली गं कुणीतरी," बेरिल म्हणाली. "प्लॅस्टिकचा डबा ठेवू. शोध तरी वाचेल."

"विल्फची पेटी नसेल, तर मला शोधच नको. बंद करते मी." मग तिने विचारलं, "शेवटी कुणाला सापडली होती?"

"कुणी क्लिफर्ड. डेनफुटचा. इथे फोनवर 'मस्त पेटी' एवढंच लिहिलंय बघ."

एनिडची काठी दगडावर आपटली. "डेनफुटचा माणूस आपली वस्तू आमच्या बाजूला ठेवून जाईल? त्यांची माणसं कायम त्या टोकाला, पाहुण्यांच्या कोपऱ्यात उभी राहायची. चल."

"गुडघ्यांचं काय?"

"घरी गेल्यावर बोलेन त्यांच्याशी."

काठी जवळ येत गेली. बेरिलचा हात पायरीखाली शिरला आणि मी उजेडात आले. एनिडने डेनफुटचा बिल्ला बघितला, 'गाढव!' म्हणाली, आणि तो पुसून पुन्हा माझ्यात ठेवला.

मला भिंतीशी परत नेईपर्यंत ती तीनदा बसली. "ही चढण आता मला जमायची नाही. यापुढे हिच्याकडे तू बघ, बेरिल."

"मी? मला ऑफसाइड अजून कळत नाही."

"नाही कळलं तरी चालेल. दगड घट्ट बसवता आला पाहिजे."

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर जरूर उघडा, हसा, आपलंही काही तिच्यात ठेवा. पण ती जिथून उचलली तिथेच ठेवा. तिथे तिची वाट बघणारं कुणीतरी असतं, आणि आम्हाला हाक मारता येत नाही.

बेरिलने दगड बसवला. तो हलत होता. एनिड म्हणाली, "पुन्हा," आणि बेरिलने तो काढून पुन्हा बसवला.