मावेल एवढंच

…आणि हलकी इतकी, की आत काही आहे की नाही अशी शंका यावी. वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी कॉम्प्युटरची ती नवी डिस्क तिच्या तळहातावर होती आणि दुकानदार काउंटरपलीकडून दुसरी, जाडजूड, पुढे सरकवत होता.

“वहिनी, हे गोदाम, आणि तुमच्या हातात आहे तो घोडा. यात चौपट माल मावतो, पण चालतं रमतगमत. ती लहान, पण पळते. किंमत जवळपास एकच. आता घरात माल जास्त की घाई जास्त, ते तुम्ही बघा.”

तिचा नवरा हसला. “घाई कसली आम्हाला! जुनी डिस्क टकटक करायला लागली, म्हणून आलो. हिला विचारा. मला यातलं काही कळत नाही.”

कळत नाही – हे त्याचं नेहमीचंच. पडद्यांचा रंग असो, बँकेचं काम असो, हिला विचारा… आणि बायका म्हणत, दुसरेपणावर आलीस खरी, पण नवरा शब्दाबाहेर नाही हो.

सकाळी तो अंघोळीला गेलेला असताना तिने पाहून ठेवलं होतं. लहान डिस्कमध्ये घरातलं सगळं मावत होतं, एक फोल्डर सोडून. ‘जुनं’ नावाचं. त्यात त्याची पहिली बायको होती, वारलेली.

तिने ते सगळं पाहिलेलं होतं, तो कामावर गेल्यावर, आवाज बारीक करून. ती बाई कॅमेरा धरून त्याच्या मागे मागे फिरते – अरे, इकडे बघ की, हस ना मेल्या – आणि तो हसतो, असा हसतो की… आणि मी? अहो, चहा झालाय. अहो, किल्ली घेतली का? मी त्याला कधी मेल्या म्हणू शकले नाही. जिभेवर आलं असतं तरी ते तिचं उष्टं वाटलं असतं. शेवटच्या व्हिडिओंत ती बाई पार वाळली होती, डोक्याला रुमाल, आणि ते मात्र हिने – स्वतःपासून हे तिने लपवलं नव्हतं – पुन्हा मागे नेऊन पाहिलं होतं. नीट, समाधानाने.

“लहानच बरी,” ती म्हणाली. “फक्त सगळं मावणार नाही. ते जुनं फोल्डर… ते ठेवायचं तर मोठी घ्यावी लागेल. तुम्हीच सांगा.”

आवाज हवा तसा लागला होता. ती वाट बघत राहिली. चेहरा कुठून फाटेल – डोळ्यांपाशी की ओठांपाशी? त्याने अडखळावं, दुकानदारासमोर लाज सोडून मोठी मागावी. मग आपण ‘अहो, घ्या की’ म्हणून ती त्याला द्यावी, आणि ते औदार्य रोज थोडं थोडं त्याच्या ताटात वाढावं… बरीच वर्षं पुरलं असतं.

त्याने लहान डिस्क तिच्या हातातून घेऊन कानाशी धरली. “हिचा आवाज नाही ना येत?”

“आत फिरणारं काही नाहीच, साहेब. येणार कुठून?”

“मग हीच द्या. ते जुनं जाऊ दे गं. बघतंय कोण?”

आणि लगेच तो काचेखालचे माउस बघायला वाकला. तारेचा बरा की बिनतारेचा, ते विचारू लागला.

तिने त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. कुठे काही दाबलेलं नव्हतं. असतं तर तिला दिसलं असतं; लग्न झाल्यापासून ती त्यासाठीच तर डोळे लावून बसली होती. म्हणजे ज्या बाईशी ती रोज भांडत आली, ती त्या घरात फक्त तिच्याच डोक्यात जिवंत होती… आणि आपण? आपण आजारी पडलो, वाळलो, तर हा असाच शांतपणे, कुणाचंही मन न दुखवता वाकून – तारेचा की बिनतारेचा –

“वहिनी, बिल करू ना?”

जाड डिस्क तिने दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतली होती. कधी, ते तिलाच कळलं नाही. याला आज खुर्चीत बसवायचं, आवाज मोठा करायचा आणि सगळं शेवटपर्यंत बघायला लावायचं, ते हसणं, तो रुमाल, मान वळवू द्यायची नाही – हे तिच्या मनात इतक्या थंडपणे, इतकं तयार होऊन आलं, की आपण हे कुणाच्या बाजूने ठरवतो आहोत, ते तिला सांगता आलं नसतं.