जीपचा क्रॉस शर्यतीत

मित्रांनो, मी एक जुना पोलादी सांधा आहे. माझा आकार अधिकाच्या चिन्हासारखा आहे, म्हणून गॅरेजवाले मला 'क्रॉस' म्हणतात. गाडी खड्ड्यात कितीही वरखाली झाली, तरी चाक फिरवणारा दांडा अडू नये, यासाठी मी असतो. गाडीच्या पोटाखाली राहत असल्याने मला रस्ता दिसत नाही, तो जाणवतो.

पाटोद्याजवळच्या एका दूध संस्थेच्या जीपमध्ये मी आणि माझा जोडीदार, म्हणजे दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस, वर्षानुवर्षे फिरलो. कॅन भरलेले आहेत की रिकामे, हे मला वजनावरून कळे. मग दुष्काळ पडला. जनावरे चारा छावणीत गेली, दूध आटले आणि जीप कडुलिंबाखाली उभी राहिली.

अशात एके दिवशी बीडचा गॅरेजवाला उत्तरेश्वर आला. त्याच्याकडे एक जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार होती. कोरड्या पडलेल्या तलावात गाड्यांची शर्यत ठरली होती. पण जोरात सुटले की त्या कारच्या मागच्या चाकांचे नाजूक क्रॉस तुटत.

संस्थेच्या अध्यक्ष तुळजाबाईंना तो म्हणाला, "आक्का, जीपचे क्रॉस द्या. लई दणकट हायेत."

"अन् उद्या दूध सुरू झालं तर? जीप काय ढकलत न्यायची?"

"शर्यत झाली की परत बसवतो. मोडू देणार न्हाई."

तुळजाबाईंनी होकार दिला आणि त्याने आम्हा दोघांना काढून नेले. आम्ही त्या कारच्या मानाने मोठे होतो. त्याने लेथ यंत्रावर दांड्यांची तोंडे आमच्या मापाची करून घेतली, ग्रीस भरले आणि आम्हाला एकेका चाकापाशी बसवले. मला नवल वाटले. ही गाडी तर काहीच वाहून नेत नाही, मग हिला एवढी घाई कशाची?

शर्यत सुटली आणि मी असा गरगरलो की विचारू नका! भेगाळलेल्या मातीवर चाके उडत होती. एकेका गाडीचा आवाज मागे पडत गेला. शेवटच्या फेरीत आमच्या पुढे कुणीच नव्हते, आणि तेवढ्यात गाडीखाली टक्-टक् आवाज येऊ लागला.

उत्तरेश्वरने क्षणभर वेग तसाच ठेवला. मग गाडी थांबवली. बाकीच्या गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या.

काठावरून शर्यत बघणाऱ्या तुळजाबाई धावत आल्या. "कावून थांबलास?"

"आक्का, क्रॉस वाजतोय."

तो गाडीखाली सरपटत आला. त्याने मला हलवून पाहिले, जोडीदाराला पाहिले. आम्ही घट्ट होतो. मग त्याचा हात सायलेन्सरला लागला. तिथला नट ढिला झाला होता! तो मातीतच डोके धरून बसला. "हरलो, आक्का. सायलेन्सरपायी!"

 तुळजाबाई हसू आवरत गाडीत जाऊन बसल्या.

"नट आवळ. अन् मला एक चक्कर मार. असं पळताना काय वाटतं ते बघू तरी!"

त्या फेरीत गाडीत वजन जास्त होते. मला ते फार आवडले.

मित्रांनो, आता मी परत दुधाच्या जीपमध्ये आहे. तुमची गाडी कधी वाजली, तर थांबा आणि वाकून बघा. कदाचित आमचे काही बिघडलेले नसेलही. तरी बघा. कुणी विचारपूस केली की आम्हालाही बरे वाटते.