दादाची नवी नोकरी

वाचनात मागे पडलेल्या मुलांचा वर्ग बाईंनी अकरा वर्षं चालवला, तो दादाच्या जोरावर. दादा म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ, शिक्षण खात्याचा संचालक. असे वर्ग बंद करून टॅब्लेट द्यावेत, असा एका कंपनीचा प्रस्ताव त्यानं तीनदा परत पाठवला होता. "मूल अडखळलं की त्याच्याकडे बघायला माणूस लागतो," असा शेराही मारला होता.

मग दादानं राजीनामा दिला आणि त्याच कंपनीत उपाध्यक्ष झाला. बाईंना ते वर्तमानपत्रात वाचून कळलं. चार महिन्यांत प्रस्ताव मंजूर. खात्यात कुणाकडे शब्द टाकायचा, हे दादाइतकं कुणाला ठाऊक होतं?

टॅब्लेटची खोकी घेऊन तो स्वतः शाळेत आला. वर्गातली बुटकी बाकं तोवर व्हरांड्यात गेली होती.

"दादा, तूच नाही म्हणाला होतास ना?"

"तेव्हा मी त्या बाजूला होतो, छकुले."

"आणि मुलं कुठल्या बाजूला होती?"

दादानं चष्मा पुसला. "तुझी बदली होईल. नाहीतर आमच्याकडे ये, शिकवणारी माणसं हवीच आहेत."

"मी मुलांच्या आयांना शब्द दिला होता रे. तुझ्या भरवशावर."

"मग सांग त्यांना, वर्ग नवा झालाय म्हणून."

बदलीचा आदेश येईपर्यंत बाईंना नुसतं बघत बसायचं काम होतं. चौथीतली एक अबोल मुलगी त्यांच्याकडे नुकती जोडाक्षरं वाचायला लागली होती. तिनं दोन दिवसांत हेरलं, की टॅब्लेटवरची चित्रं दाबत राहिलं की कधी ना कधी हिरवा दिवा लागतोच. आठवड्याच्या अहवालात ती 'प्रगत' ठरली.

बाईंनी तिला जवळ बसवून पुस्तक उघडलं. "ही ओळ वाच बघू."

मुलीनं ओळीवर बोट ठेवलं आणि दाबलं. काहीच झालं नाही, तशी तिनं पुढच्या शब्दावर दाबलं.

बाईंनी तिथूनच दादाला फोन लावला आणि घडलं ते सांगितलं.

"मला माहीत आहे, छकुले," तो म्हणाला.

"माहीत आहे? मग?"

"मग काय. पुढच्या महिन्यात आणखी दोन जिल्हे आहेत."

शिपाई आदेशाचा कागद घेऊन दारात उभा होता. त्यांनी मुलीला जागेवर पाठवलं आणि सही केली.